चाळीसगावला मुक्काम ठेवून पाटणादेवी आणि पितळखोरे कसं पाहावं

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग भिंतीसारखी आडवी उभी आहे. भिंतीच्या पायथ्याला, खान्देशच्या बाजूला, पाटणादेवी, म्हणजे जुन्या पाटण गावाजवळचं देवीचं देऊळ. माथ्यावर, मराठवाड्याच्या पठाराच्या काठाशी, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. नकाशावर हे दोन ठिपके इतके जवळ दिसतात की ‘सकाळी देवी, दुपारी लेणी’ असा बेत कुणीही आखतं, आणि बहुतेकांची सहल इथेच फसते. दोन्हींना जोडणारी जंगलवाट आहे, पण ती वाटाड्याशिवाय जायची नाही. गाडीने जायचं तर पाटणादेवीहून परत चाळीसगाव, तिथून कन्नडचा घाट चढून वर, आणि मग पुन्हा पश्चिमेकडे वळून कड्याच्या काठापर्यंत. दुपारी तीनला लेण्यांच्या पायऱ्या उतरायला घेतल्या तर पाहणं होत नाही, नुसती धावपळ होते. म्हणून पहिली गोष्ट: खालचा दिवस वेगळा, वरचा दिवस वेगळा. मधली संध्याकाळ चाळीसगावात.

जिल्हेही दोन आहेत. पाटणादेवी जळगाव जिल्ह्यात, पितळखोरे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य (१९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं) दोन्हीकडे पसरलेलं आहे. त्यामुळे एका नाक्यावरची पावती दुसऱ्या नाक्यावर चालेल असं गृहीत धरू नका, आणि ‘खाली विचारलं होतं, चालतं म्हणाले’ हे वर सांगून उपयोग होत नाही.

कधी जायचं

जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत धबधबे असतात, डोंगर हिरवे असतात आणि रविवारी गर्दीही तेवढीच असते. ऑगस्टमधला रविवार शक्यतो टाळा. गाड्या लावायला जागा मिळत नाही आणि धबधब्याखाली धिंगाणा चालू असतो. नवरात्रात पाटणादेवीला यात्रा भरते. तेव्हा दर्शनाला जरूर या, पण देवळाची कोरीव कामं किंवा गड पाहायचा असेल तर ते दिवस तुमचे नाहीत.

दोन्ही जागा नीट पाहायच्या तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. ओढ्यांना पाणी असतं, वाटा सुकत आलेल्या असतात, लेण्यांतलं गळतं पाणीही कमी झालेलं असतं. फक्त ऑक्टोबरमधलं दुपारचं ऊन हलक्यात घेऊ नका. खान्देशात पाऊस गेला की ऊन लगेच चटके देतं. डिसेंबर-जानेवारीत धबधबे नसतात, पण पक्षी दिसतात, चढाई सुखाची होते आणि चाळीसगावात भरीत मिळतं. फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होते. साग, सालई, धावडा सगळे उघडे पडतात आणि पळस फुलतो. एप्रिल-मेमध्ये येऊ नका. पारा चाळिशीच्या वर, सावली नाही, पाणी नाही, आणि उन्हाने तापलेल्या काळ्या दगडावर हातसुद्धा टेकवत नाही.

कसं पोहोचायचं

चाळीसगाव मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मुख्य मार्गावर, मनमाड आणि पाचोऱ्याच्या मधे आहे. धुळ्याहून येणारा शाखामार्ग इथेच मिळतो. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून थेट डोंगर चढण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोहोचणं बरं. पाटणादेवी चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटर. थेट एसटी मोजक्याच असतात, म्हणून जाण्याची वेळ कळली तरी परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आगारात तोंडी विचारून घ्या. चार जण असाल तर रिक्षा किंवा जीप दिवसभरासाठी ठरवणं परवडतं. ठरवताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात: थांबण्याचे पैसे धरले आहेत का, नाक्यावरचं गाडीचं शुल्क कोण भरणार, आणि गाडीवाला थांबणार की सोडून जाऊन परत येणार. तिसऱ्याचं उत्तर ‘परत येतो’ असेल तर वेळ पक्की करा, कारण डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

पितळखोऱ्याला एसटीच्या भरवशावर जाऊ नका. तिथे स्वतःची किंवा ठरवलेलीच गाडी हवी.

पहिला दिवस: पाटण

सकाळी साडेसहाला चाळीसगाव सोडा. नाश्ता गावातच करा आणि दुपारचं जेवण बांधून घ्या. देवळाजवळ यात्रा नसताना पोटभर काही मिळेल याची खात्री नसते. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती जवळ ठेवा आणि कान्हेरगडावर जायचं असेल तर तिथेच सांगा. वाटाड्याही तिथूनच किंवा पायथ्याच्या वस्तीतून मिळतो. आबा, नाना, दादा अशी हाक मारून ‘ही वाट कथा जास?’ (ही वाट कुठे जाते?) एवढं अहिराणीत विचारता आलं तर अर्धं काम झालं. वाटाड्याचे पैसे निघण्याआधी ठरवा आणि त्याच्यासाठीही डबा घ्या.

क्रम असा ठेवा: आधी महादेवाचं देऊळ, मग कान्हेरगड, उतरल्यावर देवीचं दर्शन, शेवटी वेळ उरला तर धवलतीर्थ धबधबा. बहुतेक जण आधी देवी, मग धबधबा करतात आणि भर उन्हात गडाकडे बघून परत फिरतात. देवी दुपारीही भेटते, सकाळचा गारवा मात्र दुपारी मिळत नाही.

महादेवाच्या देवळाला पाऊण तास द्या. गावात याला ‘हेमाडपंती’ म्हणतात. पण इथल्या शिलालेखात शके १०७५, म्हणजे इ.स. ११५३ आहे, आणि हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात आला तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे देऊळ त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेल्या प्रत्येक जुन्या देवळाला आपण त्याचं नाव देऊन टाकलंय, इतकंच. हे देऊळ बांधायला घेतलं निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने. तो वारल्यावर त्याची राणी श्रीदेवी हिने कारभार सांभाळला, आणि मुलगा गोवन याच्या काळात काम पूर्ण झालं. हे निकुंभ यादवांचे मांडलिक.

देवळाभोवती आधी बाहेरून एक फेरी मारा. भिंत सरळ जात नाही, कोन घेत घेत वळते आणि त्या प्रत्येक कोनावर सकाळचं तिरपं ऊन सावली पाडतं. नऊच्या पुढे ती सावली जाते आणि नक्षी सपाट दिसायला लागते. फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, आणि दगड तापायच्या आधी गेलेलं बरं हे त्यासाठीही. कोरीव कामावर हळद-कुंकू, तेल, नाणी चिकटवू नका. तेलावर धूळ बसते, धुळीवर शेवाळ आणि मग दगडाचे पापुद्रे निघतात.

याच पाटणचा दुसरा लेख जास्त प्रसिद्ध आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. शके ११२८, इ.स. १२०७. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्यापन चालावं म्हणून इथे मठ काढला, आणि निकुंभ राजा सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे, कारण तो व्यापाऱ्याला आणि तेल्याला कळायला हवा होता: पाटणच्या बाजारात जो माल, म्हणजे ‘केणें’, उघडेल त्यावरचा राजाचा वाटा मठाला, आणि जितके घाणे चालतील तितक्यांचं पळी पळी तेल. आठशे वर्षांपूर्वी इथे घाणे, बाजार आणि गणिताची शाळा होती, हे आजच्या जंगलात उभं राहून मनात आणणं अवघड जातं. म्हणून हे वाचून मगच जा.

भास्कराचार्य स्वतः इथलेच का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. त्यांनी आपलं गाव ‘विज्जडविड’ असं सांगितलंय आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं म्हटलंय. खान्देशातल्या माणसाला ते पाटणच वाटतं, इतर ठिकाणच्यांना आपापलं. जन्म शके १०३६, इ.स. १११४ आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’, एवढं मात्र त्यांनीच लिहून ठेवलंय.

मुलं बरोबर असतील तर खांबाशी बसवून ‘लीलावती’तलं एक गणित घाला. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ आहे. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतोय. मोराने तिरपी झेप घेऊन त्याला गाठलं, आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं. बिळापासून किती हातांवर गाठलं? उत्तर बारा. कसं ते पायथागोरस येणाऱ्या कुणालाही दहा मिनिटांत सुटतं. तोवर मोठ्यांना देऊळ निवांत बघता येतं.

पाटणची गोष्ट त्याहून जुनीही आहे. १९७२-७३ मध्ये डॉ. एस. ए. साळी यांनी इथे केलेल्या उत्खननात अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि त्याच कवचाचा आडव्या-तिरप्या रेघा कोरलेला तुकडा निघाला. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. जागेवर बघण्यासारखं काही उरलेलं नाही, शोधत बसू नका. नाल्याकाठचे गारेचे दगड मात्र उचलून खिशात टाकू नका, अभयारण्यात तेही चालत नाही.

कान्हेरगड

याच नावाचा एक किल्ला नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीजवळही आहे. नकाशात नुसतं नाव टाकलं तर तो तिकडे नेतो. ‘पाटणादेवी’ टाका.

गड आणि लेणी मिळून जाऊन-येऊन साडेतीन ते चार तास धरा. वाटेत डोंगराच्या अंगावर लेणी आहेत: नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी. नागार्जुन कोठडी हे जैन लेणं. आत तीर्थंकराची मूर्ती आहे. बरेच जण नावावरून ते बौद्ध समजतात. तिन्ही लेणी आणि माथा एका दमात गाठायचा हट्ट धरू नका. नागार्जुन कोठडी आणि माथा एवढं झालं तरी दिवस वाया गेला नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत वाढतं. लेण्यांकडे फुटणारी आडवी वाट त्यात दिसत नाही, आणि चुकलेला माणूस सरळ वर वर जाऊन कड्याखाली अडकतो. वाटाड्या घ्यायचा तो याचसाठी. वाट चुकल्याची शंका आली की वर किंवा खाली नवी वाट काढू नका. आलेल्या पावलांनी शेवटच्या ओळखीच्या वळणापर्यंत मागे या. कातळातल्या पायऱ्यांवर घसरण असते. उतरताना तोंड डोंगराकडे करून उतरायला लाजू नका.

गवताची कुसळं हा इथला खरा छळ. सुती पँट आणि लोकरी मोजे यांत ती घुसून राहतात आणि दिवसभर टोचतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट आणि बूट-मोज्यांवर पट्टा किंवा गेटर असेल तर निम्मा त्रास वाचतो. नोव्हेंबरनंतर खाजकुइलीच्या शेंगा पिकतात. वेलावर लोंबणाऱ्या, तपकिरी मखमलीसारख्या. हात लावू नका. केस लागलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. चोळलं की ते कातडीत आणखी रुततात.

गडावरून एकच्या सुमाराला खाली या. देवीचं दर्शन घ्या, सावलीत जेवा आणि पाणी असण्याच्या दिवसांत धवलतीर्थ किंवा केदारकुंड यांपैकी एकच करा. चारला परतीला लागा. इथे बिबट्या आणि अस्वल आहे, आणि मार्च २०२१ मध्ये तर टिपेश्वरहून चालत आलेला वाघही गौताळ्यात आढळला. दिवसा आवाज करत चालणाऱ्या टोळक्याला भेटायची त्यांना हौस नसते. अंधार पडताना एकट्या-दुकट्याने ओढ्याकाठी असणं मात्र धोक्याचं.

पाण्याचा धोका

इथले अपघात बहुतेक पाण्यातलेच. धबधबे तिन्ही बाजूंनी कडे असलेल्या कुंडासारख्या जागेत पडतात, आणि त्यांचं पाणी वरच्या पठारावरून येतं. खाली लख्ख ऊन असताना वर कन्नडच्या बाजूला सर आली की अर्ध्या-पाऊण तासात ओढा फुगतो. खालच्यांना पाऊस दिसतच नाही. म्हणून आकाशाकडे नव्हे, पाण्याकडे लक्ष ठेवा. निवळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा पाण्याचा आवाज खर्जात गेला की सामान गोळा करत बसू नका. ज्या काठावर आहात त्याच काठाने वर चढा. पलीकडे गाडी आहे म्हणून गुडघाभर पाण्यातून ओढा पार करायला जाऊ नका. गुडघाभर वाहतं पाणीही माणसाला पाडतं, आणि तळाला शेवाळलेले गोटे असतात. ओसरेपर्यंत एक-दोन तास बसून राहणं एवढाच उपाय. धबधब्याच्या बरोब्बर खाली उभं राहणंही टाळा. पाण्याबरोबर वरून दगड येतात.

दुसरा दिवस: घाट आणि पितळखोरे

चाळीसगावहून कन्नडच्या रस्त्याला लागलं की औट्रम घाट. १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला पडलंय. लोक मात्र कन्नड घाटच म्हणतात. पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट सुरू आहे का ते विचाराच. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या पावसात घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, आणि त्याच पावसात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. वळणांवर थांबून सेल्फी काढणारे, धुकं आणि उलट बाजूने येणारी वाहनं असं सगळं एकत्र असतं. घाटात गाडी थांबवायचीच असेल तर रुंद जागा बघून रस्त्याच्या बाहेर घ्या.

घाट संपून पठारावर आलं की उजवीकडचा, कालीमठाच्या दिशेचा फाटा धरा. कन्नड शहरात पोहोचलात तर पुढे आला आहात. गौताळ्याचा तलाव आणि वनखात्याचं दुसरं प्रवेशद्वार कन्नडच्या पलीकडे, नागदच्या रस्त्याला आहे. तेही याच दिवशी करू असं वाटेल, पण करू नका.

पितळखोरे इतर लेण्यांपेक्षा उलटं आहे. आधी उतरायचं, मग चढायचं. पठाराच्या काठावर गाडी लावायची आणि पायऱ्यांनी दरीत उतरायचं. जाताना दम लागत नाही म्हणून लोक निम्मं पाणी खालीच संपवतात आणि भर दुपारी चढताना बसतात. बाटलीवर खूण करून ठेवा: अर्धं पाणी चढणीसाठी. नऊला उतरायला लागा, बाराला वर या. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि पायऱ्या ओल्या असताना तिरकं पाऊल टाकावं.

लेणी मोजणीप्रमाणे तेरा किंवा चौदा. मुख्य गट एका कड्यात, आणि ओढ्याच्या पलीकडे लहान स्तूपांची लेणी. सुरुवात इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातली. अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. तरीही इथे माणसं कमी येतात, आणि त्याचं एक कारण म्हणजे लेणी पडकी आहेत. पडकी का, हे समजून घेतलं तर तीच पाहण्यासारखी गोष्ट आहे. इथला कातळ ठिसूळ आहे आणि त्यातल्या उभ्या भेगांतून पठारावरचं पाणी झिरपतं. दर्शनी भाग आणि छतं त्यामुळे कोसळली. आज दिसणारे सिमेंटचे खांब आणि भिंती पुरातत्त्व खात्याने आधारासाठी उभारलेल्या आहेत.

कोरणाऱ्यांनाही पाण्याची कल्पना होती. चौथ्या क्रमांकाच्या विहाराशी, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याशी, खाली, भिंतीच्या पायाजवळ, पाच फण्यांचा नाग कोरलाय. वरच्या बाजूला जमलेलं पाणी आतल्या पन्हळातून आणून या फण्यांच्या छिद्रांतून बाहेर सोडण्याची ती सोय आहे. बहुतेक जण त्याला नुसतं शिल्प समजून पुढे जातात. छिद्रं बोटाने चाचपू नका, डोळ्यांनीच पाहा. त्याच जोत्यावर समोर तोंड केलेल्या हत्तींची रांग आहे, दाराशी भाला-ढाल घेतलेले द्वारपाल आहेत आणि कातळातून वर जाणाऱ्या पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर डोकं सांभाळा आणि विजेरी लावा.

शेजारचं तीन नंबरचं लेणं म्हणजे चैत्यगृह, स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. इथे वर बघा. बाजूच्या ओसऱ्यांच्या छताला दगडातच कोरलेल्या कमानी फासळ्या आहेत, तर मधल्या मोठ्या कमानीला लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. लाकूड गेलं. खांबांवर चित्रांचे अवशेष आहेत. ती चित्रं लेण्याहून बरीच नंतरची, साधारण पाचव्या शतकातली. त्यांच्यावर फ्लॅश मारायचा नाही, ओल्या कापडाने पुसून ‘रंग उठतात का’ बघायचं तर मुळीच नाही. इथल्या स्तूपात स्फटिकाचे करंडक, म्हणजे पवित्र अवशेष ठेवायच्या डब्या, सापडले होते.

लेखांतली नावंही शोधण्यासारखी. पैठणचा एक गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि मगिल नावाचा राजवैद्य असे दाते इथे नोंदलेले आहेत. इथला सर्वांत गाजलेला यक्ष मात्र इथे नाही. हसऱ्या चेहऱ्याची ती बुटकी मूर्ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कान्हदास, व्यवसाय सोनार. दगडातला तो दागिन्यांचा बारकावा कुठून आला, हे त्यावरून कळतं.

ड्रोन नाही. तिपाई लावून चित्रण करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी लागते. ती जागेवर मिळत नाही.

आणि मधमाश्या. पाटण असो की पितळखोरे, कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, डिओ, तेलाचा उग्र वास, अगरबत्ती, सिगरेट आणि आरडाओरड यांतल्या कशानेही ती उठू शकतात. उठलीच तर हात झाडू नका. तोंड कापडाने झाका आणि दाट झुडपांतून किंवा बंद गाडीकडे धावा. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा चिमटीत धरून उपटण्यापेक्षा नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा.

पिशवीत काय

माणशी तीन लिटर पाणी, ऑक्टोबरात चार. ओआरएसची पाकिटं किंवा लिंबू-मीठ-साखर. विजेरी, कारण मोबाइलचा उजेड लेण्याच्या छतापर्यंत पोहोचत नाही आणि बॅटरी संपते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि केळी: हे दुपारपर्यंत टिकतं, डब्यातून सांडत नाही. माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात, म्हणून खाणं कापडी पिशवीत किंवा बंद डब्यात. कचरा परत आणायचा, केळीची सालंसुद्धा.

दगडांच्या सांदीत फुरसं असतं, पायाखालच्या मातीच्या रंगाचं. हात टेकवण्याआधी बघा, बसण्याआधी काठी आपटा. दंश झालाच तर वर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. अवयव काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत आणा आणि थेट चाळीसगावचं सरकारी रुग्णालय गाठा. १०८ ला फोन रेंज आल्या आल्या करा, पण रेंज शोधत बसून वेळ घालवू नका.

संध्याकाळ आणि उरलेला वेळ

रात्री शेवभाजी मागवाल. दुसऱ्या दिवशी चढाई असेल तर ‘मध्यम’ सांगा. खान्देशातलं ‘तिखट’ हे पुण्या-मुंबईच्या तिखटाच्या पुढचं असतं. शेव शेवटी घातलेली हवी, आधीच घालून ठेवलेली भाजी गिचका होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मिळाली तर बाकी काही मागवू नका. वांगी भाजून, हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडी बडगीत कुटलेलं ते भरीत मिक्सरमधून काढलेल्याशी तुलना करण्यासारखं नसतं.

गावातली एक जागा चुकवू नका. स्टेशनाजवळच कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आहे, आता संग्रहालय. जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर न पडता या माणसाने टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून डोंगर, बर्फ आणि वादळं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. दीड-दोन तास हवेत. संग्रहालय उघडं कधी असतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. आधी फोटो नीट बघा, काय दिसतं ते ठरवा, आणि मग तो कशापासून केला ते विचारा. उलट केलंत तर मजा जाते.

परतीची गाडी दुपारची असेल तर सकाळी वाघळी होऊ शकते. चाळीसगावहून जळगावच्या दिशेचं अगदी पुढचं स्टेशन, रिक्षानेही जाता येतं. इथला शिलालेख शके ९९१ चा, म्हणजे पाटणच्या महादेवाहूनही ८४ वर्षं आधीचा. त्यात यादव राजा सेऊणचंद्र आणि त्याचा मांडलिक गोविंदराज यांची नावं आहेत, आणि हा गोविंदराज स्वतःला मौर्य म्हणवतो. गावात शिरल्यावर ‘मुधाईदेवीचं देऊळ’ विचारा, ‘प्राचीन मंदिर’ असं विचारलंत तर नुकतंच रंगवलेल्या कुठल्या तरी देवळाकडे बोट दाखवतील. तासाभरात बघून होतं. स्टेशनावर पॅसेंजर गाड्याच थांबतात, म्हणून रिक्षा थांबवून ठेवा.